सुरक्षित अंतर

महाभारताच्या शेवटी धर्मराज स्वर्गाच्या दाराशी पोचतो, मागोमाग एक कुत्रा. इंद्र रथ घेऊन न्यायला आलेला असतो, पण म्हणतो, तू बस, कुत्र्याला जागा नाही. लहानपणी ही गोष्ट ऐकताना इंद्र फार कोत्या मनाचा वाटायचा. सिंगापूरच्या सरकारी इमारतीत राहायला लागल्यापासून मला त्याची बाजू कळते. त्याच्याकडेही वरच्या-खालच्या मजल्यांवरून तक्रारी येत असणार.

इथल्या हाउसिंग बोर्डाच्या फ्लॅटमध्ये एकच कुत्रा पाळता येतो, आणि तोही मंजूर जातींच्या यादीतला. यादीतली मंडळी छोटी, केसाळ आणि खानदानी. बिनखानदानी, देशी, मिश्र रक्ताच्या कुत्र्यासाठी ‘प्रोजेक्ट अडोर’ नावाची वेगळी खिडकी आहे. तिथे पूर्वी वजन 15 किलोच्या आत आणि उंची 50 सेंटिमीटरच्या आत लागायची. मार्च 2020 मध्ये वजनाची अट गेली आणि उंची 55 सेंटिमीटरपर्यंत चालेल असं ठरलं. खांद्याशी मोजायची, म्हणजे मान ताठ ठेवली तरी हरकत नाही. शिवाय कुत्र्याला प्रशिक्षण देणं सक्तीचं. धर्मराजाच्या कुत्र्याने ऐनवेळी साक्षात धर्मदेवतेचं रूप घेऊन वाद मिटवला. आमच्या कुत्र्याने पहिल्याच दिवशी लिफ्टचं दार उघडताच आतल्या आजोबांवर दात काढून वाद सुरू केला.

त्याचं नाव वाघ्या. हे नाव बाबांनी वाईहून फोनवरून ठेवलं, कुत्रा न बघता. बघून ठेवलं असतं तर दुसरं सुचलं असतं, कारण हा वाघ्या छत्रीला भितो. झाडूला भितो. टोपी घातलेल्या माणसाला भितो, आणि त्याच माणसाने टोपी काढली की तो वेगळाच माणूस समजून पुन्हा नव्याने भितो. कुकरची पहिली शिट्टी झाली तेव्हा तो न्हाणीघरात जाऊन बसला आणि वरण-भात जेवून झाला तरी बाहेर आला नाही.

वाघ्या मूळचा पुलाउ उबीनचा. चांगी पॉइंटच्या धक्क्यावरून लाकडी बमबोट निघते आणि दहा-पंधरा मिनिटांत त्या बेटावर सोडते. बोट घड्याळाकडे बघून निघत नाही, बारा माणसं भरली की निघते. इतक्या शिस्तीच्या देशात वडापच्या जीपचा हा नियम कुठून टिकला देव जाणे, पण मला तिथे बसलं की घरच्यासारखं वाटतं. बेट जेमतेम दहा चौरस किलोमीटरचं. एके काळी तिथे ग्रॅनाइटच्या खाणी जोरात होत्या आणि दोनेक हजार माणसं राहायची. खाणी बंद पडल्या, त्यांत पाणी साठून तळी झाली, माणसं हळूहळू मोठ्या बेटावर फ्लॅटमध्ये आली. आता वस्ती काही डझन माणसांची. बाकी पत्र्याच्या छपरांची घरं, भाड्याच्या सायकली, शहाळी, धनेश, माकडं आणि रानडुकरं. रानडुकरं इतकी धीट की सायकलच्या टोपलीत तोंड घालून पिशवी ओढतात. त्यांना बिस्किट दिलंत तर 5,000 डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, पण हा नियम डुकरांना कुणी कळवलेला दिसत नाही.

अशा ठिकाणी वाघ्या जन्मला. 2018 च्या नोव्हेंबरपासून सिंगापुरात मोकाट कुत्री पकडून, निर्बीजीकरण करून परत सोडायची किंवा घर मिळवून द्यायची मोहीम सुरू आहे. जमेल त्याला घर, नाही जमलं तर जुना मुलूख. वाघ्याला ‘जमेल’ या गटात कुणी टाकलं हे मी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर त्यांनीही मला हाच प्रश्न विचारला असता.

सगळ्यात गंमत म्हणजे हा प्राणी रानडुकराला भीत नाही. आम्ही त्याला एकदा टीव्हीवर डुकरं दाखवली तर त्याने जुन्या ओळखीचं कुणी दिसावं तशी शेपूट हलवली. याला शास्त्र आहे. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोघांनी अमेरिकेत बार हार्बरच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून 1965 मध्ये एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यातला आपल्या कामाचा भाग एवढाच की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लाने जे पाहिलं, हुंगलं, ऐकलं, ते त्याच्या हिशेबी जग. नंतर जे येतं ते संशयित. वाघ्याच्या जगात डुक्कर होतं, माकड होतं, सायकलची घंटी होती. लिफ्ट नव्हती, छत्री नव्हती आणि वरण-भात तर नव्हताच.

आता भितो तर भिऊ दे, पळून जाऊ दे, असं कुणीही म्हणेल. अडचण तिथेच आहे. उबीनवर परका माणूस दिसायचा तो दोनशे पावलांवर. वाघ्याला त्याच्याकडे बघायला, त्याच्याविषयी मत बनवायला आणि झुडपात शिरायला भरपूर वेळ मिळायचा. चावायची गरजच नव्हती. तोच कुत्रा आता नव्वद चौरस मीटरच्या फ्लॅटमध्ये आला. बाहेर दोन माणसं जेमतेम ओलांडतील एवढा कॉरिडॉर, गळ्यात पट्टा, आणि लिफ्टचं दार उघडलं की परका माणूस एकदम दोन हातांवर, बहुतेक वेळा छत्रीसकट. पळायला वाट नाही म्हटल्यावर तो अंगावर जातो. भुंकणं, दात दाखवणं, झेप घेणं हे सगळं एकाच मागणीसाठी चाललेलं असतं, जरा लांब उभे राहा. आणि प्रत्येक वेळी माणूस दचकून मागे सरकतोच. म्हणजे अर्ज केला आणि तिथल्या तिथे मंजूर झाला. इतका तत्पर कारभार अनुभवल्यावर कोण अर्ज करायचं सोडेल?

बाबा आणि आई सिंगापूरला आले ते याच सुमारास. बाबा निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी वाघ्याचं प्रकरण ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि निकाल दिला, “त्याला मालक कोण ते कळलेलं नाही. एकदा दरडावा.”

हे मत बाबांचं एकट्याचं नाही. जगभर अर्धी माणसं कुत्र्याविषयी हेच बोलतात, आणि त्याचं मूळ लांडग्यांत आहे. रुडॉल्फ शेंकेल नावाच्या संशोधकाने 1947 मध्ये बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर निबंध लिहिला. कुठूनकुठून आणून एका आवारात कोंबलेले ते लांडगे सारखे भांडायचे आणि त्यांत एक दादा व्हायचा. डेव्हिड मेक यांनी 1970 च्या आपल्या पुस्तकातून ही दादागिरीची कल्पना घराघरात नेली. पुढे मेक यांनी मोकळ्या रानातले लांडगे बघितले तेव्हा दादा वगैरे काही नव्हतं. कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पोरं. 1999 मध्ये त्यांनी तसं स्पष्ट लिहिलं, आणि आपलंच जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून प्रकाशकामागे लकडा लावला. आपल्याकडेही लेखक प्रकाशकामागे लागतात, पण दुसरी आवृत्ती काढा म्हणून.

हे सगळं मी बाबांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

“म्हणजे कळपात आई-बापाचंच चालतं. असंच ना?”

“तसं नाही बाबा...”

“तूच सांगितलंस.”

प्रशिक्षणाला येणारी मुलगी तिशीतली, स्थानिक चिनी. तिने दरडावण्याचा विषय एका वाक्यात संपवला. गुरगुरण्याबद्दल शिक्षा केली तर कुत्रा भ्यायचा थांबत नाही, गुरगुरायचा थांबतो, आणि पुढच्या वेळी न सांगता चावतो. मग तिने आम्हाला समोर बसवून वाघ्याकडे बघायला सांगितलं. काय दिसतं? आमची लेक म्हणाली, “झोप आलीय त्याला. जांभया देतोय.” ती मुलगी म्हणाली, झोप नाही, तुम्ही तिघं एका रांगेत बसून त्याच्याकडे टक लावून बघताय म्हणून तो घाबरलाय.

भित्रा कुत्रा चावण्याआधी किती वेळा सांगतो याची एक आख्खी शिडीच आहे. केंडल शेपर्ड या ब्रिटिश पशुवैद्य बाईंनी ती मांडली. खालच्या पायऱ्यांवर जांभई, डोळे मिचकावणं, नाक चाटणं. मग तोंड फिरवणं, पाठ फिरवणं, पंजा उचलणं. मग शेपूट पोटात. मग ताठरणं, रोखून बघणं. मग गुरगुर, मग हवेत चावा, आणि अगदी वर खरा चावा. आपण मराठी माणसं पहिली पायरी वाचायला जन्मतःच असमर्थ आहोत. रात्रीचे साडेअकरा वाजलेत, यजमान तिसरी जांभई देतोय, त्याची बायको रिकामे कप उचलून गेलीय, आणि पाहुणा म्हणतो, “हां, तर मी काय सांगत होतो...” ज्या समाजात माणसाच्या जांभईला किंमत नाही, तिथे कुत्र्याच्या जांभईची काय कथा.

वाघ्याचा खरा प्रश्न हा आहे, असं माझं मत झालं आहे. त्याला हवंय अंतर, आणि तो पडला मराठी घरात. आपल्याकडे माया म्हणजे जवळ जाणं. नको म्हणणाऱ्याच्या पानात वाढणं. नामदेवांची गोष्ट घ्या. कुत्रा भाकरी घेऊन पळाला तर हे तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, देवाने कोरडी खाऊ नये म्हणून. भक्ती म्हणून याला तोड नाही. पण तोंडात भाकरी असलेल्या कुत्र्याच्या मागे धावू नये हा आमच्या प्रशिक्षिकेचा दुसऱ्याच दिवशीचा धडा होता. तूप द्यायचं असेल तर वाटी लांब ठेवा आणि मागे फिरा. तो कुत्रा प्रत्यक्ष पांडुरंग होता म्हणून निभावलं.

आमच्याकडे येणारी मराठी मंडळी बहुतेक नामदेवांच्या परंपरेतली. त्यांतला सगळ्यात अवघड प्रकार म्हणजे श्वानप्रेमी. तो दारातूनच जाहीर करतो, “मला कुत्री काही करत नाहीत.” हे तो आम्हाला सांगतो, वाघ्याला नाही. मग गुडघ्यावर बसून, डोळ्यांत डोळे घालून, हात थेट नाकासमोर, “घे रे, वास घे माझा.” वास वाघ्याने तो लिफ्टमध्ये असतानाच घेतलेला असतो. त्यावरून झालेलं मत तो आता तोंडावर सांगू लागतो. पाहुणा दुखावतो. “आमच्या साताऱ्याच्या टॉमीने असं कधी केलं नाही.” दुसरा प्रकार वैद्यांचा. त्यांना दिसताक्षणी निदान होतं. याला लहानपणी कुणीतरी मारलंय. प्रशिक्षिका म्हणते, मारलंच असेल असं नाही, नुसतं काही न दाखवणंही पुरतं. पण मार खाल्लेल्या कुत्र्याची गोष्ट जास्त रंगते, त्यामुळे मंडळाच्या कोजागिरीपर्यंत वाघ्याला एका दुष्ट खाणमालकाने साखळीने बांधून ठेवलं होतं इथवर चरित्र पोचलेलं असतं. खाणी केव्हाच्या बंद आहेत हे सांगून मी कुणाचं दूध नासवत नाही.

उलट शेजारचं मलय कुटुंब. मुसलमान घर, कुत्र्याची लाळ अंगाला लागलेली त्यांना चालत नाही. वाघ्या लिफ्टपाशी दिसला की ते हसून हात करतात, म्हणतात तुम्ही जा, आम्ही पुढच्या लिफ्टने येतो. ना रोखून बघणं, ना चुचकारणं, ना हात पुढे. साऱ्या इमारतीत वाघ्या ज्यांच्यासमोर शेपूट सैल सोडून उभा राहतो असे पहिले परके तेच. त्यांच्या धाकट्या मुलाच्या हातात छत्री असते तेव्हासुद्धा.

आणि आई. आई कुत्र्याला भिते, अगदी मनापासून. तिच्या लहानपणी गावात कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागायची, आणि त्या आकड्याची दहशत तिच्या पिढीच्या मनातून गेलेली नाही. सिंगापुरात 1953 पासून रेबीज नाही असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “सरकार सांगणारच.” ती खोलीतून बाहेर येण्याआधी आतूनच हाक देते, “वाघोबा, मी येतेय हां.” भिंतीच्या कडेकडेने चालते. सरळ त्याच्याकडे कधी जात नाही, अर्धवर्तुळ घेऊन जाते. त्याच्याकडे बघत नाही. जवळ बसावं लागलं तर पाठ करून बसते आणि मेथी निवडते. प्रशिक्षिका हे बघून थक्क झाली. पैसे भरून आम्हाला जे शिकवायला ती धडपडत होती ते सगळं आई न शिकवता, भीतीपोटी, अचूक करत होती. ती तिला ‘आंटी, व्हेरी गुड लाह’ म्हणाली. आईने मला विचारलं, “काय म्हणतेय ती? मी काही केलं का?” काहीच केलं नाही म्हणून तर, असं मी सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही.

वाघ्या हल्ली तिच्यापासून चार हातांवर पसरतो. तिलाही चार हातच चालतात. दोघांचं एकमेकांशी काडीचं काम नाही आणि त्यामुळे फार चांगलं चाललंय.

आम्हा बाकीच्यांचं शिक्षण चिकनच्या तुकड्यांवर चालू आहे. पद्धत दिसायला सोपी. छत्रीवाला माणूस एवढ्या लांब दिसला पाहिजे की वाघ्याने पाहिलं पण भडकला नाही. तो क्षण आला की चिकन. छत्री गेली की चिकन बंद. पुन्हा छत्री, पुन्हा चिकन. अंतर बोटाबोटाने कमी करायचं. क्रम मात्र चुकायचा नाही. आधी छत्री, मग चिकन. उलटं केलंत तर छत्रीची भीती जायची राहिली बाजूला, कुत्रा चिकन बघून बिचकायला लागतो, आता काहीतरी येणार म्हणून. याच्या मुळाशी पावलोव्ह आहेत. त्यांना 1904 चं नोबेल पारितोषिक मिळालं ते मात्र पचनक्रियेच्या संशोधनाबद्दल, आणि वाघ्याच्या बाबतीत दोन्ही अंगं एकदमच तपासून होतात.

या देशात छत्री टाळणं अशक्य. पाऊस असला तर पावसाची, नसला तर उन्हाची. गडगडाट तर वर्षातले जवळजवळ निम्मे दिवस. दिवाळीत आपल्याकडची कुत्री पलंगाखाली जातात. इथे फटाक्यांवर 1972 पासून बंदी आहे, म्हणून मी सुटकेचा निःश्वास टाकला होता. पण ती बंदी आकाशाला लागू नाही. आणि भीती साठत जाते. सकाळी गडगडाट, दुपारी पार्सलवाला, संध्याकाळी कुकर, असं झालं की रात्री एखाद्या बिचाऱ्या चप्पल घसटत जाणाऱ्या माणसावर सगळा हिशेब निघतो. अशा दिवशी प्रशिक्षण नाही, पाहुणे नाहीत, बाहेर जाणं गरजेपुरतं. आम्ही त्या दिवसाला सुट्टी म्हणतो. सर्वांत आनंद बाबांना होतो, मुख्याध्यापकाला सुट्टी जाहीर करण्यासारखं सुख नाही.

मुसक्याचं काम बाबांनी अंगावर घेतलं. मळणीच्या वेळी बैलाला बांधतात ते मुसकं त्यांना ठाऊक होतं. इथलं टोपलीसारखं असतं, त्यात कुत्र्याला जीभ बाहेर काढून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. ते जबरदस्तीने चढवायचं नसतं. आत शेंगदाण्याचं लोणी लावून पुढे धरायचं आणि त्याने आपणहून तोंड घालायची वाट बघायची. बाबांनी वाट बघितली. आयुष्यभर पोरांना ‘उभा राहा’ म्हणणारा माणूस टोपली धरून मुकाट्याने जमिनीवर बसलेला बघणं हा आमच्या घरातला फार मोठा कार्यक्रम होता. आता टोपली दिसली की वाघ्या धावत येतो. आणि मुसक्यातला कुत्रा बघून रस्त्यावरची माणसं आपोआप पलीकडे जातात, हा वर फायदा.

पट्ट्याला पिवळी फीत बांधायची युक्तीही केली. कुत्र्याच्या पट्ट्याला पिवळं दिसलं की ‘याला जागा द्या’ असं समजायचं, ही पद्धत बऱ्याच देशांत आहे. सिंगापुरात मात्र 2004 पासून ‘यलो रिबन’ ही तुरुंगातून सुटून आलेल्यांना समाजात सामावून घेण्याची मोहीम आहे. त्यामुळे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, बुद्धिबळ खेळणारे काका वाघ्याकडे कौतुकाने बघत, दुसरी संधी दिलीत, फार चांगलं केलंत, म्हणत थेट जवळच यायला लागले. फीत काढली.

शेवटी बाबांनी दारावर सूचना लावली. कोरा कागद, चौकोनी मुख्याध्यापकी अक्षर. ‘आत भित्रा कुत्रा आहे. घंटी वाजवू नये, फोन करावा. छत्री व टोपी बाहेर ठेवावी. आत आल्यावर कुत्र्याकडे पाहू नये, त्याच्याशी बोलू नये, त्यास वास देऊ नये. आपणांस कुत्री आवडत असल्यास ते घरमालकास सांगावे, कुत्र्यास सांगू नये. कुत्र्याने जांभई दिल्यास दोन पावले मागे सरावे. यजमानाने दिल्यास निघावे. आपले कुत्रे असे करत नसल्याचे सांगू नये.’

इथे चार अधिकृत भाषा आहेत, निदान इंग्रजीत तरी एक प्रत लाव, असं मी बाबांना सुचवलं. त्यांनी कॉरिडॉरमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्यांचं काही दिवस निरीक्षण केलं. टपालवाला, मीटर बघणारा, समोरच्या चिनी आजी, शेजारचे मलय काका. सूचना अजून फक्त मराठीत आहे. बाकी कुणाला तिची गरज नाही, असा बाबांचा अहवाल आहे.